वायफायचा पासवर्ड विसरला? राऊटरच्या भोकात टाचणी घालण्याआधी हे बघा

फुलसावंगी (ता. महागाव) : घरी फायबरचं कनेक्शन आलं, लावून देणाऱ्या पोराने पासवर्ड टाकून दिला, सगळ्यांचे मोबाइल जोडले गेले. त्यानंतर तो पासवर्ड कुणाला लागलाच नाही. वर्षभराने नवीन मोबाइल येतो किंवा दिवाळीत पुण्याचे पाहुणे येतात, तेव्हा शोधाशोध सुरू होते.

अशा वेळी बरेच जण राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालतात. नेमकं तेच आधी करू नये. आतलं रिसेटचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरलं की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. पासवर्ड तर जातोच, पण कंपनीने भरून दिलेली सेटिंगही बऱ्याचदा पुसली जाते आणि नेट पूर्ण बंद पडतं. मग माणूस येईपर्यंत वाट पाहणं आलं. त्यातच पीकविम्याची नाहीतर कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख असली म्हणजे झालंच! (लाइट गेल्याने किंवा बटण बंद-चालू केल्याने मात्र पासवर्ड जात नाही.)

जो मोबाइल आजही घरच्या वायफायला जोडलेला आहे, त्यात पासवर्ड साठवलेला असतो. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा मोबाइल असेल तर सेटिंगमध्ये वायफाय उघडा, जोडलेल्या नावावर किंवा शेजारच्या चाकाच्या चिन्हावर दाबा आणि ‘शेअर’ निवडा. मोबाइल तुमचं लॉक विचारेल, मग क्यूआर कोड दिसेल. बऱ्याच मोबाइलवर त्याच्या खालीच पासवर्ड लिहिलेला असतो. नसला तरी नव्या मोबाइलने तो कोड स्कॅन केला की काम झालं. आयफोनमध्ये ही सोय २०२२ च्या आयओएस १६ पासून आहे. वायफायच्या नावापुढच्या ‘आय’ चिन्हावर दाबायचं.

एकही मोबाइल जोडलेला नसेल तर राऊटर उलटा करून स्टिकर वाचा. पासवर्ड कधी बदललाच नसेल तर तोच चालतो. इथे घोळ होतो तो असा, की स्टिकरवर बऱ्याचदा दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा आणि दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. ‘ॲडमिन’ असं लिहिलं आहे तो दुसरा. आठवून टाकून बघत असाल तर ध्यानात ठेवा, वायफायचा पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा लहान नसतो आणि कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो.

एवढ्यानेही जमलं नाही तर कंपनीला फोन करा. काही कंपन्यांच्या ॲपमधूनही पासवर्ड बदलता येतो. नंबर मात्र बिलावरचाच घ्या. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरवर ओटीपी सांगितला की खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. तशी फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

कटकट नको म्हणून काही जण पासवर्डच काढून टाकतात. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाडा इथल्या एका घराच्या मोकळ्या वायफायवरून गेला होता. तपास पहिल्यांदा त्या घरातल्या अमेरिकन माणसाच्या दारात येऊन थांबला. नेट कुणीही वापरो, कनेक्शन ज्याच्या नावावर, विचारणा आधी त्याच्याकडेच होते.

नवा पासवर्ड टाकला की घरातला प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि गोठ्यावरचा वायफाय कॅमेरासुद्धा पुन्हा जोडावा लागतो. कॅमेऱ्याचं बहुतेक जण विसरतात, आणि तो बंद असल्याचं नेमकं चोरी झाल्यावर कळतं.