रिकाम्या दरीचें चित्र

आमच्या घरच्या जुन्या समूहचित्रांत बोटभरही जागा मोकळी सुटलेली नाहीं. छायाचित्रकारास पैसे मोजले म्हणजे त्यानें चौकट गच्च भरून द्यावी, अशीच तेव्हां समजूत होती. असल्या डोळ्यांना रॉजर फेंटनचें चित्र प्रथम फसलेलेंच वाटतें.

१८५५ च्या मार्च महिन्यांत हा इंग्रज गृहस्थ मँचेस्टरच्या अ‍ॅग्न्यू नामक चित्रव्यापाऱ्याच्या सांगण्यावरून क्रिमियाच्या रणभूमीवर उतरला. दारूविक्याच्या जुन्या गाडीची त्यानें अंधारी खोली केली होती. कारण कलोडियनची काच ओली असतांनाच चित्र घेऊन धुवावें लागे. २३ एप्रिल रोजीं सेव्हास्तोपोलनजीकच्या ज्या दरीस शिपाई 'मृत्युच्छायेची दरी' म्हणत, तिचें चित्र त्यानें घेतलें. त्यांत एक वळणाचा रस्ता, उघडे उतार, तोफांचे गोळे आणि वर कोरें आकाश. मनुष्य नाहीं, घोडा नाहीं, झाडही नाहीं.

आकाश कोरें राहिलें तें रसायनामुळें. निळ्या प्रकाशानें ती काच फार लवकर काळवंडे, म्हणून जमीन नीट उमटेपर्यंत ढग नाहींसे होत. चालतीं माणसें तर त्या संथ काचेवर उमटणें कठीणच. परंतु प्रेतें हलत नाहींत! १८६२ मध्यें अमेरिकेंत अँटिएटमच्या लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनरनें तीं टिपलीं. फेंटननें टिपलीं नाहींत. यांत व्हिक्टोरियाकालीन संकोच किती आणि कलावंताची निवड किती, हें वेगळें काढणें अवघड आहे. तथापि मृत्यू न दाखवितां तो येथें जाणवतो, हें आम्ही नाकारूं शकत नाहीं.

आतां खरी अडचण. एकाच जागेवरून घेतलेल्या दोन काचांचे ठसे उपलब्ध आहेत. एकींत गोळे रस्त्याकडेच्या चरांत असून रस्ता स्वच्छ आहे. दुसरींत ते रस्त्यावरही विखुरलेले आहेत. २००७ मध्यें एरल मॉरिस या अमेरिकन चित्रपटकारानें उतारावरील लहान दगड न्याहाळले. दुसऱ्या काचेंत ते किंचित खालीं घसरलेले दिसले. अर्थात् स्वच्छ रस्ता आधींचा. गोळे कोणी हलविले हें दगड सांगत नाहींत. फेंटननेंच ते मांडविले असतील, तर रिकाम्या रस्त्यावर त्याचा स्वतःचा भरंवसा पुरला नाहीं असें म्हणावें लागेल. लोकांत गाजली तीही दुसरीच काच. आम्ही मात्र पहिलीकडे पुनःपुन्हां वळतों. तेथें रस्ता वळून दिसेनासा होतो आणि वाटेवर कांहींच पडलेलें नसतें.