पहिलं पान

गेल्या मे महिन्यात सुनेने कर्जतच्या बाजारातून तीन पुस्तकं आणली. एक अक्षरओळखीचं, एक बाराखडीचं, एक छोट्या गोष्टींचं. नातू साडेचार वर्षांचा. पुस्तकं माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "आई, तुम्ही अंगणवाडीत एवढी वर्षं काढलीत. कुठनं सुरू करू ते सांगा." प्रश्न साधा, पण मला पटकन उत्तर देता येईना. ह्याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एका मुलीच्या बाबतीत लागोपाठ दोन वर्षं दिलं होतं.

आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. धूळपाटीवर बोटाने 'श्री' गिरवायचा, मग मुळाक्षरं, मग बाराखडी. कंठातला 'क' आधी, ओठांवरचा 'प' मागाहून. हा क्रम व्याकरण जाणणाऱ्यांचा. चार वर्षांच्या पोराला त्याचं काय! मी शाळेत गेले तेव्हा कर्जत कुलाबा जिल्ह्यात होतं (रायगड हे नाव १९८१ सालचं), आणि पाटीवर 'ग म भ न' आलं होतं. ही अक्षरं वळणाने एकमेकांच्या जवळची, एक हाताला बसलं की दुसरं थोड्या फरकाने येतं. मग काना-वेलांटी नसलेले शब्द: घर, बदक, मगर. मग काना, मग वेलांटी. आजोबांच्या शिडीपेक्षा ही बरी, पण शिडीच. पहिली पायरी सगळ्यांना एकच. मूल आधीच दोन पायऱ्या चढून आलंय का, हे विचारायची पद्धत नव्हती.

मुलाकडे बघून सुरुवात ठरवायचा नेटाचा प्रयत्न केला तो ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसोरीबाईंची साधनं सुंदर, पण महाग. १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू झालं तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, शिंपले, पानं हीच साधनं केली. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत ते काम वाढलं. तिथे पहिल्या दिवशी फळ्यावर अक्षर यायचं नाही. आधी गप्पा, गाणी, बिया निवडणं, सारखं-वेगळं ओळखणं. पोर काय घेऊन आलंय ते त्यातनं कळायचं.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द पुढे वाडीवस्तीवर पोचला. मी १९८९ साली खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर सेविका म्हणून लागले. प्रशिक्षणात कोसबाडबद्दल ऐकलं होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. आणि वाडीवर येऊन पहिल्या आठवड्यात काय केलं, तर फळ्यावर 'ग' काढला. सुकडी शिजवायची, वजनं घ्यायची, लसीकरणाच्या दिवशी बायांना घरोघरून बोलवायचं, रजिस्टरं भरायची. त्यातून उरलेल्या वेळात जे मला शिकवलं गेलं होतं तेच मी शिकवत होते.

वाडीचं वर्ष दोन तुकड्यांचं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर जात, ती पावसाच्या तोंडावर परतत. जूनमध्ये पोरं पुन्हा माझ्यापुढे. मधल्या सहा-सात महिन्यांत ती सगळं विसरली असणार, असं धरून मी पुन्हा 'ग' काढायची.

त्यातली एक मुलगी, नाव लिहीत नाही, गप्प असायची. 'म' काढायला सांगितलं की उलटा काढायची, आरशात दिसावा तसा. मी पुसायची, हात धरून सरळ गिरवून घ्यायची. लहान मुलं उलटी अक्षरं काढतात, त्यात नवल नाही. पण ही दर वेळी तशीच काढायची, आणि अगदी सुबक. दोन वर्षं हे चाललं. दुसऱ्या वर्षी मी तिच्या आईला म्हणलं, "पोरगी जरा मंद आहे." हे वाक्य मला आजही गिळता येत नाही.

तिसऱ्या जूनला वजनासाठी त्यांच्या खोपटात गेले. चुलीला भट्टीवरून आणलेल्या विटा लावल्या होत्या, प्रत्येक विटेवर मालकाची दोन अक्षरं. त्यातलं एक 'म'. मी बघतेय हे पाहून पोरीने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मालकाचा नाव." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. विटेवर अक्षर सरळ उठायचं तर साच्यात ते उलटं कोरावं लागतं. आईबाप माती थापत तेव्हा ही साच्यापाशी बसायची. अक्षर तिला येत होतं, साच्यातलं. आणि त्याहून मोठी गोष्ट, खुणा काढल्या की त्यात माणसाचं नाव राहतं, हे तिला कळलं होतं. तिला फक्त आवाज जोडून द्यायचा होता, आणि मी तिला रेघा गिरवायला लावत होते.

मी जमिनीवर कोळशाने तिचं नाव काढलं. लगेच म्हणाली, "आयचा?"

बऱ्याच वर्षांनी, २००५ नंतर, 'प्रथम'च्या 'असर' पाहणीचा वाचनाचा कागद माझ्या हाती पडला. त्यात मुलापुढे अक्षरं आधी ठेवत नाहीत. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा देतात. वाचला तर पुढे दुसरीच्या पातळीची गोष्ट. अडलं तर मागे शब्द, तेही अडलं तर अक्षरं. मधून सुरुवात करून पुढेमागे सरकायचं. इतकं सोपं! मला हे १९८९ ला कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून तो कागद मी कपाटात ठेवून दिला.

सुनेला म्हणलं, तिन्ही पुस्तकं त्याच्यासमोर टाक आणि दोन दिवस नुसती बघ. त्याने गोष्टींचं उचललं, चित्रांवरून स्वतःच काहीतरी सांगत बसला. मधेच थांबून विचारलं, "ह्यात माझा क कुठाय?" तिथनं सुरू झालं. बाराखडीचं पुस्तक अजून कोरं आहे, शेजारीण त्याबद्दल दोनदा बोलून गेली.

नातवाची काळजी करणारी चार माणसं घरात आहेत. त्या मुलीला पुढच्या वर्षी पहिलीत घातलं तेव्हा मी वहीचं पान फाडून गुरुजींना चिठ्ठी लिहिली: हिला स्वतःचं, आईचं आणि भावाचं नाव वाचता येतं, सात अक्षरं येतात, पहिल्या पानापासून नको. गुरुजी भले, त्यांनी ऐकलं. दिवाळीनंतर ती माणसं निघाली, ह्या वेळी दुसऱ्या भट्टीवर. जूनमध्ये आई शाळेकडे जाताना वाटेत माझ्याकडे थांबली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतनं तिने तीच चिठ्ठी काढली आणि म्हणाली, "बाई, ह्यावर आता आनखीन दोन अक्षरां लिवा."