मोटारीची झिलई : रंगलेप, ओरखडा आणि मेण

मोटारगाडीच्या इतिहासकारांनी एंजिन, पोलाद, जुळणीची साखळी आणि रस्ते यांविषयी विपुल लिहिले. गाडीच्या बाह्य पृष्ठभागाविषयी त्या मानाने फारच थोडे. वस्तुतः ग्राहकाची नजर प्रथम पडते ती याच पृष्ठभागावर, आणि गाडी जुनी झाली हे मालकाला प्रथम कळते तेही यावरूनच. रंगावरील ओरखडे घालवून व मेण चढवून गाडीला पूर्वीची चकाकी आणून देणे हा अमेरिकेत विसाव्या शतकात एक स्वतंत्र व्यवसाय बनला. 'डीटेलर' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या कारागिराकडे सामान्यतः शोभेचे काम करणारा म्हणून पाहिले जाते. त्याच्या कामाचे स्वरूप मात्र निराळे आहे. ओरखडा म्हणजे लेपात पडलेला चर. त्याच्या तळापर्यंत भोवतालचा लेप घासून समपातळीत आणला म्हणजे तो नाहीसा होतो. दुसरा खरा उपाय नवा रंग देण्याचाच. प्रत्येक दुरुस्ती ही अशा रीतीने एक वजाबाकी असते. यास्तव या व्यवसायाच्या इतिहासात विचारण्याजोगा मुख्य प्रश्न असा की, वजा करण्याजोगे लेपात किती शिल्लक आहे हे कारागिराला कशावरून कळत होते?

पहिल्या मोटारींना रंग दिला गेला तो घोडागाड्या बनविणाऱ्यांच्या पद्धतीने. जवसाच्या तेलात खललेले रंग, त्यांवर कोपल राळेचे रोगण, प्रत्येक थर वाळेपर्यंत वाट पाहणे, आणि वाळल्यावर प्युमिस दगडाची भुकटी व पाणी यांनी घासून तो पुढील थरासाठी सिद्ध करणे, असा हा क्रम असे. उंची गाडीला त्यासाठी कित्येक आठवडे लागत. तयार झालेल्या रोगणाची चमक खोल व मृदू असे, परंतु ते फार नाजूक होते. उन्हाने ते पिवळे पडे व त्याला बारीक भेगा जात. एकोणिसाव्या शतकातील गाडी-कारागिरांचा एक उपदेश येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. गाडीखाना तबेल्यापासून व उकिरड्यापासून दूर असावा, कारण तेथून उठणाऱ्या अमोनिया वायूने रोगण बिघडते. ज्या घोड्याने गाडी ओढावयाची त्याच्याच सहवासात ती ठेवावयाची नाही, असा हा चमत्कारिक नियम! धुण्याविषयीचे नियमही तितकेच काटेकोर होते. चिखल अंगावर वाळू द्यावयाचा नाही. वाळलाच तर कोरडा पुसावयाचा नाही. मुबलक पाण्याने भिजवून तो स्पंजाने उतरवावयाचा आणि शेवटी शॅमॉय कातड्याने गाडी टिपून घ्यावयाची. आजच्या डीटेलरचे पहिले धडे याहून फारसे भिन्न नाहीत. रोगण मंदावले किंवा ओरखडले की गाडी पुन्हा कारखान्यात जाई आणि तिला नवे रोगण चढे. दुरुस्ती म्हणजे भर घालणे, असाच त्या काळचा समज होता.

या घासकामाचा हिशेब कामगारांच्या शरीरात मात्र साठत होता. तळाच्या थरांत शिशाचा सफेदा असे, आणि वाळलेला थर काचकागदाने कोरडा घासताना उडणारी धूळ कामगाराच्या पोटात जाई. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी रंगाऱ्यांच्या धंद्यातील आरोग्याविषयी लिहिलेला अहवाल १९१३ मध्ये अमेरिकन सरकारच्या कामगार खात्याने प्रसिद्ध केला. शिशाच्या रंगावर कोरडा काचकागद चालविणे किती घातक आहे हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. १९२१ मध्ये 'मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग' कंपनीने फ्रान्सिस ओकी यांच्या शोधावर आधारलेला जलरोधक काचकागद बाजारात आणला. तो ओला करून वापरता येत असल्यामुळे धूळ उडेनाशी झाली व पृष्ठभागही अधिक गुळगुळीत होऊ लागला. या कागदाची नोंद सहसा तंत्राची सुधारणा म्हणून होते. ती आरोग्याची सुधारणा म्हणूनही व्हावयास हवी.

जुळणीच्या साखळीवर मिनिटांच्या हिशेबाने गाड्या तयार होऊ लागल्यावर रंगाला लागणारे आठवडे हा कारखानदारांपुढील मोठा अडसर ठरला. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात 'मॉडेल टी' केवळ काळ्या रंगात विकली. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून, असे त्याचे कारण नेहमी सांगण्यात येते. ते अपुरे आहे. निरनिराळ्या भागांसाठी निरनिराळी काळी रोगणे तेथे वापरली जात, काही भट्टीत भाजली जाणारी तर काही हवेवर वाळणारी, आणि स्वस्ताई व टिकाऊपणा यांचाही त्या निवडीत वाटा होता.

खरा पालट झाला तो नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरने. हे द्रव्य मूळचे स्फोटकांच्या व चित्रपटफितींच्या धंद्यातले. विरघळविल्यावर ते इतके दाट होई की, फवाऱ्यातून जाण्याजोगे पातळ केल्यास त्यात घन अंश नाममात्र उरे. १९२० च्या सुमारास ड्युपाँ कंपनीच्या न्यू जर्सीतील पार्लिन येथील प्रयोगशाळेत कमी दाटपणाचे नायट्रोसेल्युलोज हाती लागले. उन्हाळ्यात तसेच राहून गेलेल्या एका पिंपातील दाट द्रव पातळ झालेला आढळला, अशी त्याची कथा सांगितली जाते. जनरल मोटर्सचे चार्ल्स केटरिंग हे त्या वेळी जलद वाळणाऱ्या रंगाच्या शोधात होतेच. १९२३ च्या अखेरीस ओकलंड गाडीचे पुढील वर्षाचे निळे नमुने 'ड्युको' नावाचा हा नवा लेप लेऊन लोकांपुढे आले. आठवड्यांचे काम दिवसांवर आणि पुढे तासांवर आले.

या लेपाचा एक गुण झिलईच्या व्यवसायाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. द्रावक उडून गेले की तो वाळे. फवाऱ्यातून बसलेला थर मंद व किंचित खरखरीत दिसे, आणि चमक त्याला घासूनच आणावी लागे. म्हणजे चकाकी ही रोगणाच्या अंगची न राहता कामगाराच्या हाताचे फळ झाली. पुढे उन्हापावसाने वरचा पापुद्रा खडूसारखा निस्तेज होई. तो घासून काढला की खालून मूळ रंग निघे. कारखान्यात एकदा होणारे काम आता गॅरेजात, किंबहुना घराच्या अंगणातही, पुनःपुन्हा करता येऊ लागले. या कामाला लागणारा माल विकणाऱ्या कंपन्यांपैकी मेग्वायर कुटुंबाचा धंदा १९०१ मध्ये फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झाला होता, तर शिकागोची सिमोनिझ कंपनी १९१० च्या सुमारास उदयास आली होती. सिमोनिझचे नाव इंग्रजी शब्दकोशांत क्रियापद होऊन बसले. तिचा माल दोन डब्यांत मिळे, एकात घासण्याचा 'क्लीनर' आणि दुसऱ्यात मेण. पहिला डबा काढून नेई, दुसरा झाकी. ग्राहक श्रेय दुसऱ्याला देत; काम मात्र पहिला करी.

त्या काळच्या कारागिराला शिल्लक लेपाचा अदमास देणारे एक साधन आपोआप मिळाले होते, ते म्हणजे त्याच्या हातातील फडके. निळी गाडी घासली की फडके निळे होई. ते किती निळे झाले यावरून आपण किती लेप काढला हे त्याला समोर दिसे, आणि अस्तराचा रंग डोकावू लागण्यापूर्वी हात आवरता येई.

रंगाचा हा धंदा केवढा मोठा होता हे एका न्यायनिर्णयावरून कळते. ड्युपाँकडे जनरल मोटर्सचे २३ टक्के भाग होते. त्या बळावर तिने रंग व कापड यांचा ग्राहक बांधून ठेवला, असा अमेरिकन सरकारचा आरोप होता. जनरल मोटर्सला लागणाऱ्या रंगलेपांपैकी ६७ टक्के १९४६ मध्ये आणि ६८ टक्के १९४७ मध्ये ड्युपाँने पुरविले, हे आकडे १९५७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयात नमूद आहेत. निर्णय ड्युपाँच्या विरुद्ध गेला आणि १९६१ मध्ये तिला हे भाग सोडून देण्यास सांगण्यात आले. त्याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. 'ड्युको' हे व्यापारनाम तर आपल्याकडील रंगाऱ्यांच्या बोलीत सामान्यनाम झाले असून, मोटारीशी ज्याचा संबंध नाही असा सुतारही आज कपाटाला 'ड्युको' करून देतो.

आता मेणाकडे वळावयाचे. मोटारीच्या मेणातील सर्वांत मानाचा घटक कार्नोबा हा होय. ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा, पियाउई या कोरड्या प्रांतांत वाढणाऱ्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर, पाण्याचे बाष्पीभवन रोखण्यासाठी, हे मेण जमते. लांब काठीला बांधलेल्या कोयत्याने पाने तोडून ती वाळवितात आणि झोडपून मेणाची भुकटी काढतात. सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारे हे मेण वनस्पतिज मेणांत अत्यंत कठीण आहे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते टिकते ते याच गुणामुळे. या एका मालावर केवढे अवलंबून होते याची साक्ष म्हणजे १९३५ ची हवाई मोहीम. जॉन्सन मेण कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन हे त्या वर्षी पाण्यावर व जमिनीवर उतरणाऱ्या विमानातून अमेरिकेहून ब्राझीलपर्यंत, कार्नोबाचा पुरवठा अजमावण्यासाठी गेले. पाने तोडणाऱ्या मजुरांची कथा मात्र इतकी चकचकीत नाही. एकविसाव्या शतकातही ब्राझीलच्या कामगार-निरीक्षकांना कार्नोबाच्या रानांत गुलामीसदृश स्थितीत राबणारे मजूर आढळले आहेत.

मेण करते काय? बारीक चराच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून चर डोळ्यांत भरतो. मेणाचा वक्रीभवनांक लेपातील राळेच्या बराच जवळ असल्यामुळे चर मेणाने भरला की हे विखुरणे घटते व ओरखडा दिसेनासा होतो. काही वेळा गाडी धुतली की तो जेथल्या तेथे हजर होतो. झाकणे व काढणे यांतील हा भेद जाणणे हीच या व्यवसायातील प्रामाणिकपणाची कसोटी होय. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिचा सोयीस्कर विसर पडतो.

१९३० नंतर भट्टीत भाजलेली अल्किड एनॅमले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जनरल मोटर्सची अ‍ॅक्रिलिक लॅकरे आली. त्यांनी टिकाऊपणा वाढविला, पण फडके रंगतच राहिले. फडक्याची साक्ष संपली ती रंगाच्या थरावर रंगहीन पारदर्शक थर देण्याची पद्धत १९८० च्या दशकात सार्वत्रिक झाल्यावर. आधुनिक गाडीवर अस्तरासह एकूण लेप साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम कागदाच्या जाडीइतका असतो. त्यात पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनांचा. घासला जातो तो हाच थर, आणि फडके पांढरेच राहते. अतिनील किरण शोषणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. तो पातळ झाला की खालच्या रंगाचे संरक्षण घटते, आणि आज झळाळणारी गाडी काही वर्षांनी सालपटे सोडू लागते. नुकसान व त्याचे दर्शन यांत असे वर्षांचे अंतर पडले. काम केल्या दिवशी ग्राहक संतुष्ट असतो, आणि कारागिराला आपली चूक कळण्याचा मार्ग उरत नाही.

आजच्या डीटेलरची बरीचशी साधने या एका अडचणीतून जन्मली आहेत. पत्र्यावर टेकवून लेपाची जाडी सांगणारे मापक हे त्यांतले प्रमुख; पोलादावर चुंबकीय व अ‍ॅल्युमिनियमवर भोवरी-विद्युतप्रवाहाच्या तत्त्वाने ते चालते. एकाच अक्षाभोवती फिरणारे यंत्र एका जागी उष्णता साठवून कडांवरचा लेप चटकन भेदते, म्हणून फिरता फिरता डुलणाऱ्या यंत्राला पसंती मिळाली. जो ओरखडा नखाला अडकतो तो घासून काढावयाचा नाही, हा जुना हातचा नियम मात्र अजून चालू आहे, आणि तो मापकाइतकाच उपयोगी आहे.

या सावधगिरीला अलीकडे आणखी एक कारण मिळाले. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाने दीर्घकाळ अशा गाड्यांना गौरविले की ज्या कारखान्यातून निघतानाही इतक्या चमकत नव्हत्या. आता मूळ रंगासह टिकून राहिलेल्या गाड्यांसाठी तेथे स्वतंत्र वर्ग आहे. १९२० च्या दशकातील अस्सल लॅकरवर त्या वेळच्या कामगाराच्या घासकामाच्या रेषा काही ठिकाणी अजून शाबूत असतात. त्या घालविल्या तर पुन्हा मिळत नाहीत. अशा गाडीपुढे चांगला डीटेलर प्रथम मापक ठेवून भागाभागाचे आकडे लिहून घेतो, आणि कडांशी आकडा उतरलेला दिसला की घासण्याचा डबा बंद ठेवून मऊ फडक्याने मेणाचा एक पातळ हात देऊन थांबतो.