बेंजोचे जपानी कूळ

वर्तकनगरातून उपवन तलावाकडे गणपती विसर्जनास निघाले, की ढोलताशांच्या गजरातून एक धातूचा, तीक्ष्ण पण गोड स्वर कानी येतो. त्या वाद्यास आपण ‘बेंजो’ म्हणतो. २०१६ साली रवी जाधव यांनी ह्याच वादकांवर हिंदी चित्रपट काढला, त्याचे नावही तेच. परंतु नावावरून कूळ ठरवू गेल्यास आपण फसू. अमेरिकेतील बँजो हे कातडे ताणलेले, लांब मानेचे वाद्य. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तीवर तारा आणि तारांवर कळा.

ह्या वाद्याचे मूळ जपानात आहे. नागोया येथे मोरिता गोरो नावाच्या वादकाने १९१२ साली जुन्या दोनतारी जपानी वाद्यास टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविल्या. त्याच वर्षी ताइशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव ‘ताइशोगोतो’ पडले. डाव्या हाताने कळ दाबावी, उजव्याने तार छेडावी. सूर चाचपडत शोधणे नाही. असे हे सुटसुटीत वाद्य आपल्याकडे येऊन ‘बुलबुल तरंग’ झाले. कळींमुळे सलग मींड निघत नाही, तेव्हा रागदारीच्या बैठकीत त्याचे जमले नाही. पण मिरवणुकीच्या गर्दीत स्वर न ढळता चाल वाजविता यावी, ह्या सोयीला रस्त्यावर मोल होते.

पुढे त्यात वीज आली. तारांजवळ चुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे बसविले, की पोलादी तारेच्या कंपनाने वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो; तो वाढवून ध्वनिक्षेपकातून ऐकवितात. ह्यास ‘पिकअप’ म्हणतात. विजेच्या गिटारचे तत्त्वही हेच.

त्या गिटारींच्या संग्राहकांकडून आपणांस एक धडा घेता येईल. टोकियोची टेइस्को कंपनी १९४६ साली निघाली आणि १९६७ साली कावाई कंपनीकडे गेली. मधल्या काळात तिच्या गिटारी अमेरिकेत आयात करणाऱ्यांच्या निरनिराळ्या नावांनी विकल्या गेल्या. म्हणून जाणकार नावाच्या पट्टीवर विसंबत नाहीत; पिकअपची घडण, कळसूत्रे, मानेचा सांधा पाहून कारखाना ओळखतात.

जुना बेंजो हाती आल्यास आम्ही हीच रीत सुचवितो. कळींवर १ ते ७ आकडे व सप्तक दाखविणारी टिंबे आहेत काय, ते पाहावे. ती जपानी स्वरलेखनाची खूण आहे. मात्र नक्कल करणारा आकडेही उतरवितो, म्हणून तेवढ्यावर निर्णय करू नये. कळींबाहेर साथीच्या वेगळ्या तारा आहेत का, हे पाहावे. पिकअपभोवतीचे लाकूड ताजे कापलेले दिसले, तर वीज मागाहून आली असे समजावे. तो कापही पुसू नये. मूळ वाद्य नागोयाचे असो वा नसो, तो काप आपल्या गावच्या कारागिराचा आहे, आणि जपानी पेटीचा बेंजो त्यानेच केला.

राजेरजवाड्यांच्या सतारी जपल्या जातात. रस्त्यावरचे वाद्य बिघडले की भंगारात जाते. तसे होण्यापूर्वी ते कोणी घेतले, कोणी दुरुस्त केले, तारा कोणत्या स्वरांत लावीत, हे वादकाला विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी पेटीत ठेवावी. वाद्य पुन्हा मिळेलही. वादक गेल्यावर ही माहिती मिळणार नाही.