विवर्धकाचा दिवा आणि निगेटिव्हची साक्ष

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित झाले आहे. दक्षिण महाराष्ट्रात इतरत्र आढळतात तशीच या परिसरातील जुन्या घरांच्या भिंतींवरही दिवंगत वडीलधाऱ्यांची चौकटीत बसविलेली कृष्णधवल छायाचित्रे आढळतात. सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहताना पेहराव, अलंकार व बैठक यांची नोंद घेतली जाते. परंतु लहानशा निगेटिव्हवरून हे मोठे चित्र कोणत्या दिव्याच्या उजेडात काढले गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः त्या दिव्याच्या निवडीवर चित्राची बरीचशी विश्वसनीयता अवलंबून असते.

विवर्धकाचा, म्हणजे छायाचित्रकारांच्या बोलीतील एन्लार्जरचा, पहिला दिवा सूर्य हाच होता. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डेव्हिड वुडवर्ड यांनी १८५७ साली अशा सौर उपकरणाचे एकस्व मिळविले. आरशाने वळविलेले सूर्यकिरण भिंगाने एकवटून निगेटिव्हमधून पलीकडे टाकावयाचे, अशी त्याची रचना होती. त्या काळचा कागद अतिशय मंद असल्याने प्रकाशन दीर्घकाळ चाले व सूर्याच्या गतीबरोबर आरसाही फिरवावा लागे. १८८० नंतरच्या दशकात ब्रोमाइड कागद प्रचारात आला आणि तेव्हापासूनच दिव्याच्या उजेडात विवर्धन करणे खऱ्या अर्थाने व्यवहार्य ठरले. वीज नसलेल्या ठिकाणी रॉकेलचे व ॲसिटिलीन वायूचे दिवे विवर्धकात वापरले जात. मात्र लहान गावांतील व्यवसायाची भिस्त प्रायः मोठ्या काचपट्टीवर आणि तिच्याशी कागद भिडवून दिवसाच्या उजेडात घेतलेल्या प्रतीवरच राहिली.

सूर्यावरचे हे अवलंबन कमी करण्याचा प्रयत्न कोल्हापुरातच एका निराळ्या क्षेत्रात झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ (१९२३) हा कृत्रिम प्रकाशात चित्रण केलेल्या आरंभीच्या भारतीय चित्रपटांत गणला जातो. १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली व १९३३ साली ती पुण्यास गेली. चित्रपटाची प्रत सामान्यतः फिल्मला फिल्म भिडवून काढली जाते, तिला विवर्धकाची आवश्यकता नसते, हे खरे. तथापि शहरात दिव्यांचा प्रकाश कलेच्या सेवेस आला असताना ग्रामीण भाग दीर्घकाळ सूर्यावरच विसंबून होता, हे अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत आरंभलेले राधानगरी धरण १९५० नंतरच्या दशकात पुरे झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत वीज खेडोपाडी पोहोचू लागली. दरम्यान ३५ मिलिमीटरची व १२० क्रमांकाची फिल्म रूढ झाल्याने निगेटिव्ह लहान झाली होती. त्यामुळे विवर्धक ही चैन न राहता गरज बनली.

येथे निवडीचा खरा प्रश्न उपस्थित होतो. विवर्धकांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दुधी काचेच्या बल्बचा प्रकाश कंडेन्सर भिंगांनी एकवटून निगेटिव्हवर टाकला जातो; दुसऱ्यात तो दुधी पडद्यातून किंवा पांढऱ्या पेटीतून विखरून येतो. एकाच दिशेने आलेले किरण चांदीच्या कणांवर विखुरतात, आणि जेथे कण दाट तेथे हे विखुरणे अधिक होते. परिणामी निगेटिव्हचा दाट भाग आहे त्याहून दाट भासतो आणि चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा विरोध वाढतो. आंद्रे कॅलिये यांनी १९०९ मध्ये या परिणामाचा अभ्यास केला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कंडेन्सरच्या उजेडात चित्र रेखीव दिसते. पण ओरखडे, धूळ आणि चेहरा नितळ करण्यासाठी निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेली डागडुजीही उघडी पडते. विखुरलेला उजेड हे सारे सौम्य करतो. म्हणूनच व्यक्तिचित्रांसाठी अनेक व्यावसायिक त्यास प्राधान्य देत.

दिव्याच्या प्रकाराइतकेच महत्त्व त्याच्या स्थैर्याला आहे. तंतुदिव्याचा प्रकाश विजेच्या दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब २३० व्होल्टवरून २०७ वर, अर्थात केवळ दशांशाने, उतरला तरी प्रकाश सुमारे ७० टक्केच उरतो आणि १० सेकंदांच्या प्रकाशनास १४ सेकंदांहून अधिक काळ लागतो. शिवाय उजेड तांबूस होतो. ब्रोमाइड कागद मुख्यतः निळ्या प्रकाशास संवेदनशील असल्याने प्रत्यक्ष तूट याहूनही मोठी असते. उसाच्या पट्ट्यात जेथे त्याच वाहिनीवर पाण्याचे पंप चालतात, तेथे अधिक शक्तीच्या बल्बपेक्षा व्होल्टेज स्थिर राखणारे साधन व पंप बंद असतानाची वेळ यांचाच उपयोग अधिक.

पुढे थंड प्रकाशाच्या नळ्या आल्या. त्यांनी उष्णतेने फिल्म वाकण्याचा दोष टाळला. परंतु त्यांच्या निळसर प्रकाशामुळे, १९४० साली इलफर्डने आणलेल्या मल्टिग्रेडसारख्या, गाळण्यांनी विरोध बदलता येणाऱ्या कागदांवर अंदाज चुकू लागले. त्यानंतर हॅलोजन दिवे आले आणि आता निळा व हिरवा प्रकाश स्वतंत्रपणे कमीजास्त करता येणारे एलईडी उपलब्ध आहेत. साधन निवडताना मात्र निगेटिव्हचे माप प्रथम पाहावे लागते: ३५ मिलिमीटरसाठी ५० मिलिमीटरचे, तर ६×६ सेंटिमीटरसाठी ७५ किंवा ८० मिलिमीटरचे भिंग लागते, आणि कंडेन्सरही त्यास अनुरूप असावा लागतो.

डिजिटल छायाचित्रणाच्या प्रसारानंतर अनेक जुने स्टुडिओ बंद पडले व त्यांच्या निगेटिव्ह विखुरल्या. ज्या उरल्या त्यांच्या प्रती काढणाऱ्यावर त्यामुळे मोठी जबाबदारी येते. कागद भिडवून छापण्यासाठी बनविलेली दाट काचपट्टी कंडेन्सरखाली ठेवली, तर पांढरे पागोटे कोरे होते आणि शेतकऱ्याच्या सावळ्या चेहऱ्यावरील छटा काळोखात बुडतात. पाहणाऱ्यास मात्र तो दोष मूळ छायाचित्रकाराचा वाटतो. निगेटिव्ह ही अर्धी साक्ष आहे. उरलेली अर्धी दिवा पुरवितो. म्हणून संग्रहातील प्रत्येक नव्या प्रतीच्या पाठीवर तारीख व नाव यांच्याबरोबर विवर्धकाचा व दिव्याचा प्रकारही नोंदविला पाहिजे. ती नोंद नसेल, तर भिंतीवरील मुद्रेची कठोरता त्या माणसाची की दिव्याची, हे उद्याच्या अभ्यासकास कळणार नाही.