शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे हाल होत असतील तर काय करावे?

पलसाणा (जि. सुरत) : कडोदरा, चलथाण, पलसाणा या पट्ट्यात खानदेशातून कामाला आलेली अनेक कुटुंबे राहतात. दाराला दार लागून. त्यामुळे शेजारचं कुत्रं दिवसभर उन्हात साखळीला आहे, पाण्याचं भांडं कोरडं आहे, हे लपत नाही. बोलावं तर संबंध बिघडतात, गप्प बसावं तर बघवत नाही. अशा वेळी काय करता येते, याची ही माहिती.

आधी नीट बघा

कुत्रं हाडकुळं दिसतं म्हणजे उपाशीच ठेवलंय, असं नाही. म्हातारपणी दात किडतात, सांधे आखडतात, मोतीबिंदू होतो, मूत्रपिंडं थकतात. उपचार सुरू असूनही ते खंगलेलं दिसू शकतं. मात्र पाणी नसणे, सावली नसणे, जखमेत अळ्या पडणे, स्वतःच्याच घाणीत पडून राहणे ही दुर्लक्षाची लक्षणे आहेत.

मग बोला

मालक मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला असेल, गावी गेला असेल किंवा दवाखान्याचा खर्च झेपत नसेल. "तुम्ही लक्ष देत नाही" असं म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. "दुपारी मी पाणी ठेवू का?", "रविवारी डॉक्टरकडे बरोबर येऊ का?" असं विचारा. सरकारी पशु दवाखान्यात खर्च कमी येतो. गुजरातमध्ये 1962 क्रमांकावर करुणा रुग्णवाहिका मिळते, पण ती मुख्यतः बेवारस प्राण्यांसाठी आहे. पाळीव कुत्र्याला मालकानेच न्यावं लागतं.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा केंद्राचा आहे. नवापूरला जो नियम, तोच पलसाण्याला. कलम 11 नुसार पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणे, आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे आणि कारण नसताना सोडून देणे हे गुन्हे आहेत.

पण पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर 25 ते 100 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उपाशी ठेवण्याचा गुन्हा अदखलपात्र असल्याने न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल व्हावा लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याला एवढी वाट बघणं परवडत नाही. म्हणून तक्रार शेवटी, पण नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.

तक्रार करायचीच झाली तर

तारीख, वेळ लिहून फोटो, व्हिडिओ काढा, ते आपल्या घरातून किंवा रस्त्यावरून. लेखी अर्ज पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीकडे द्या. अर्जात कलम 11 लिहा आणि पोहोच घ्या. दोष सिद्ध झाल्यावर, पुन्हा छळ होईल असं वाटलं तर कुत्रं मालकाकडून काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

हे करू नका

- रात्री गुपचूप कुत्रं सोडून नेऊ नका. कायद्याने ते मालकाची मालमत्ता आहे, चोरीचा गुन्हा लागू शकतो.
- पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या आपल्या गोळ्या देऊ नका. त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.
- "सुटेल बिचारं" म्हणून विष घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बरं न होणाऱ्या दुखण्यात दयामरणाचा निर्णय मालक आणि पशुवैद्यक घेतात.
- दुखणारं कुत्रं ओळखीच्यालाही चावतं. पाण्याचं भांडं लांबून सरकवा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

मालकाच्या संमतीने रोज एक भांडं पाणी आणि थोडी सावली, एवढी सोय तर आजच होऊ शकते. त्याला अर्ज लागत नाही.