पुरानंतरचा मानसिक त्रास : मदत कुठे मिळेल?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखली, आंबेवाडीसह शिरोळ तालुक्यातली अनेक गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरले, पंचनामे झाले, तरी पावसाचा जोर वाढला की तुमची झोप उडत असेल, छातीत धडधडत असेल. पुरानंतर काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे.

अशा वेळी प्रथम भेटतात आशाताई किंवा मदत वाटणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते. ते समुपदेशक नसतात. त्यांनी शांतपणे ऐकावे, गरज ओळखावी आणि योग्य ठिकाणी पोहोचवावे. पुराच्या आठवणी खोदून विचारल्याने त्रास वाढू शकतो. बोलायची इच्छा नसेल तर तसे सरळ सांगा.

महिन्यानंतरही त्रास कमी होत नसेल किंवा दारू वाढली असेल, तर सीपीआर रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका.

नुसती चिठ्ठी हातात दिली की बरेच जण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून पहिल्या खेपेला कार्यकर्त्याला सोबत यायला सांगा. तुमची माहिती दुसऱ्या संस्थेला देण्याआधी त्यांनी तुमची संमती घ्यायला हवी.